संपूर्ण गोष्ट आणि सीमेवरचा वाचक

मासिकांतील गोष्टी म्हटल्या म्हणजे नाक मुरडावयाचे, ही आपल्या टीकेची जुनी सवय आहे. ग्रंथ ते साहित्य आणि मासिक ती करमणूक, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. इंग्रजी अमदानीतील मराठी मासिकांतून जी लोकप्रिय कथा निपजली, तिच्याविषयी बोलताना ही वाटणी विशेष नडते. योगायोगांची रेलचेल, बेताचे स्वभावचित्रण आणि बंगालीची उसनवारी, हे तिच्यावरचे आरोप आता ठरून गेले आहेत. ते सर्वस्वी खोटे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ही कथा कोणाच्या हाती पडत होती आणि तेथवर पोचण्यासाठी तिला कोणता आकार घ्यावा लागला, हे न पाहता दिलेला निकाल एकतर्फीच होय. तो आजवर पुण्यामुंबईकडून दिला गेला. आम्ही तो एकदा कोहिनूरसारख्या गावाकडून तपासून पाहू इच्छितो.

कोहिनूर हे कर्नाटकातील बिदर जिल्ह्याचे, कलबुर्गीच्या सीमेजवळचे गाव. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा या मुलखाच्या कानावरून गेलेल्या. 1948 पर्यंत हा सारा टापू निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. नाणेसुद्धा निराळे; बाजारात चालावयाचा तो हाली रुपया, आणि मुंबईच्या मासिकाची किंमत कलदार रुपयांत. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बिदर व गुलबर्गा हे जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे येथल्या मराठी वाचकाच्या भाषेला आधी उर्दूपुढे आणि नंतर कन्नडपुढे दुय्यम स्थान मिळाले. राजसत्तेने त्याची मराठी कधीच जोपासली नाही. जोपासली असेल ती घराने, भजनाने, पोथीने आणि हाती येईल त्या छापील कागदाने. त्या कागदात मासिकाचा वाटा केवढा होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज लोकप्रिय कथेचे मोल ठरविता येणार नाही.

आता त्या कथेच्या आकाराकडे वळू. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये पुण्यास 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. त्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'सारख्या कादंबऱ्या त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाल्या. त्याच पत्रात हरिभाऊंनी 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांपैकीच. 'स्फुट' या शब्दातच त्या काळची दृष्टी दिसते. मुख्य काम कादंबरीचे. उरल्या जागेत सुटी गोष्ट. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये मुंबईत 'मासिक मनोरंजन' सुरू केले आणि 1909 मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. या मासिकाने 'संपूर्ण गोष्ट' हे नाव घरोघर नेले. वि. सी. गुर्जरांनी अशा गोष्टी शेकड्यांनी लिहिल्या आणि हा प्रकार वाचकांच्या अंगवळणी पाडला.

'संपूर्ण' या विशेषणाची आपल्या टीकेने कधी नीट चौकशी केलेली नाही. आमच्या मते त्यात या कथेचे सारे मर्म आहे. क्रमशः कादंबरीला नियमित टपाल हवे, पुरी वर्गणी हवी आणि एकही अंक न चुकता येणारा वर्ग हवा. ज्याच्या गावी एखादा अंक कोणी पाहुणा प्रवासातून घेऊन येतो आणि जो दहा घरे फिरून, कोपरे दुमडून हाती लागतो, त्या वाचकाला कादंबरीचे अकरावे प्रकरण काय कामाचे? मागचे ठाऊक नाही, पुढचे मिळेल याची शाश्वती नाही. त्याला एका बैठकीत, एका अंकात, एका कंदिलाच्या उजेडात आरंभापासून अखेरपर्यंत मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे संपूर्ण गोष्ट. जिला आपण लघुकथेची कला म्हणतो तिची बांधीव रचना नुसत्या पाश्चात्त्य नमुन्यांतून आलेली नाही. तुटक पुरवठ्यावर जगणाऱ्या वाचकाची गरजही तिच्या पाठीशी होती. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधना'त (1931) तंत्राची चर्चा केली, ती पुष्कळ नंतरची. त्याच्या आधीच मासिकाने लेखकाला आटोपशीरपणा शिकविला होता.

म्हणून गुर्जरांवरील उसनवारीचा आक्षेप आम्हाला अर्धाच पटतो. प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या बंगाली कथांचा आधार त्यांनी घेतला, हे खरे. परंतु परक्या घरातील गोष्ट मराठी घरात आणून बसविताना बोलण्याची ढब, नात्यांतील थट्टा आणि प्रसंगांची चपळाई त्यांना स्वतःलाच निर्माण करावी लागली. गुर्जरांचे वाचक त्यांची गोष्ट मोठ्याने वाचत, चारचौघांत हसत. ज्या मुलखात मराठी शाळेचा दिवा मिणमिणता होता, तेथे सहज, खेळकर, छापील मराठी गद्य कानावर पडणे हीच एक शिकवण होती. तिची थोरवी कमी लेखू नये.

मात्र या कथेचा खरा कस लागतो तो दिवाकर कृष्ण यांच्यापाशी. दिवाकर कृष्ण केळकर यांचे आयुष्य हैदराबादेत वकिलीत गेले. 1922 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांची 'अंगणातला पोपट' ही कथा 'मनोरंजना'त आली. 1927 मध्ये 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा संग्रह निघाला. त्यानंतर 1941 आणि 1955 असे दोनच संग्रह. महिन्याच्या महिन्याला गोष्ट पाडणाऱ्यांच्या काळात हा लेखक किती सावकाश लिहीत होता, हे या तीन सालांवरून उघड होते. घटनांची गर्दी हटवून त्यांनी मनातील हुरहूर, अपराधाची टोचणी आणि न बोलता येणारे दुःख यांना गोष्टीत जागा दिली. ही कथा कोणत्याही उच्चभ्रू नियतकालिकातून आलेली नाही. गुर्जरांच्याच शेजारी, त्याच वाचकांपुढे, त्याच मासिकात ती अवतरली. लोकप्रिय मासिकाने कला दडपली असे म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

येथे आमचीही एक तक्रार आहे, आणि ती लपविणे बरे नव्हे. दिवाकर कृष्णांच्या गाजलेल्या कथांतून मन दिसते. मुलूख दिसत नाही. उर्दूत चालणारी न्यायालये ज्यांनी रोज पाहिली, तीन भाषांच्या बाजारातून जे रोज गेले, त्यांच्या कथेचा रंगमंच मात्र कोणत्याही पांढरपेशा मराठी घराचा असू शकतो. याचा दोष एकट्या लेखकाचा नव्हे. मासिकाची बाजारपेठ पुण्यामुंबईची, आणि तिला हवे ते घरही तिकडचेच. कोहिनूरच्या वाचकाने त्या गोष्टी आवडीने वाचल्या असतील. पण त्यांत आपले गाव त्याला कधी भेटले नसेल. तो पाहुण्यासारखा त्या कथेच्या ओसरीवर बसला.

ही उणीव भरून काढण्याची वाट परभणीच्या बी. रघुनाथांनी दाखविली. निजामी राजवटीतील सरकारी नोकरी त्यांनी केली आणि अवघ्या चाळिशीत, 1953 मध्ये, ते गेले. 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' ही त्यांच्या संग्रहांची नावे उच्चारताच त्या मुलखाची मिश्र बोली जिभेवर येते. अंतर्मुखता त्यांच्यापाशीही आहे, पण तिला पायाखाली माती आहे. एकाच राज्यातील या दोन लेखकांना शेजारी ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. प्रांताबाहेरची मराठी जगविण्याचे दोन मार्ग त्यातून दिसतात: एक आत वळण्याचा, दुसरा भोवताल उचलण्याचा.

आमच्या कोंकणी वाचकांना यात आपलीही कहाणी ओळखू येईल. 'मनोरंजन'कार मित्र हे मूळचे सावंतवाडीकडील आजगावचे, म्हणजे गोव्याच्या शेजारचे. गोव्यातल्या सुशिक्षित घरांतही त्यांच्या मासिकाचे अंक जात. मात्र घरात कोंकणी बोलणाऱ्या त्या वाचकालाही या मराठी गोष्टींत आपली बोली भेटत नव्हती. शणै गोंयबाबांनी 'म्हजी बा खंय गेली?' लिहिली, तेव्हा आपल्या बोलीत आपले माणूस छापील पानावर पाहण्याचा आनंद त्याला प्रथम लाभला. सीमेवरच्या मराठी वाचकाची आणि कोंकणी वाचकाची तहान एकच होती.

राहता राहिला प्रश्न आजचा. त्या काळच्या मासिकांचा कागद आता हात लावताच तुटतो. जुन्या फायली मोठ्या ग्रंथालयांत थोड्याफार राखल्या जातील. परंतु सीमाभागातील घरांच्या माळ्यांवर जे सुटे अंक पडले आहेत, त्यांच्या समासांत हिशेब, नावे, एखादा शेरा लिहिलेला असतो. कथा कोठवर पोचली याचा तोच पुरावा आहे, आणि तो कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. लेखकांचा इतिहास आपण लिहिला; वाचकांचा लिहावयाचा राहिला आहे. तो लिहावयाचा झाल्यास आरंभ पुण्यापासून न करता कोहिनूरपासून करावा, असे आम्हाला वाटते. ज्याच्या हाती फक्त एक अंक आला आणि ज्याने त्यावर आपली भाषा तगविली, त्या वाचकाचे ऋण मराठी कथेने अजून फेडलेले नाही.