शरदची उमेदवारी

मराठीत ‘उमेदवार’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर फ्लेक्सवरचा हात जोडलेला माणूस येतो. शब्दाचा एक जुना अर्थ मात्र वेगळा आहे. कचेरीत, पेढीवर नाहीतर दुकानात बिनपगारी किंवा किरकोळ पैशांवर राबायचं, काम शिकायचं आणि कधीतरी आपल्याला इथेच चिकटवून घेतील या आशेवर दिवस काढायचे, ही उमेदवारी. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, त्यावरून आलेला हा शब्द. अप्रेंटिसला सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. शिकणं आणि आशा, दोन्ही त्या नावातच आहे. नोकरी नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा २०२० सालचा मराठी सिनेमा मला या शब्दाची आठवण करून देतो. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला, आणि त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं. बहुतेक लिखाणाचा सूर असा होता, की ही प्रतिभा नसलेल्या कलावंताची शोकांतिका आहे. ते चूक नाही. पण इंटर्नशिप, ट्रेनीशिप किंवा ‘सहा महिने बघू, मग ठरवू’ अशा कुठल्यातरी टप्प्यावर असाल, तर हा सिनेमा गाण्यापेक्षाही काम शिकण्याबद्दल आहे, असं तुम्हाला वाटेल. (सिनेमा पाहिला नसेल तर सावध राहा, पुढे शेवटापर्यंतची गोष्ट आहे.)

शरद नेरुळकर चोवीस वर्षांचा आहे, मुंबईत आजीबरोबर राहतो. वडील गाण्याचे वेडे, पण गायक म्हणून नाव न झालेले. शरद विनायक प्रधान या म्हाताऱ्या गुरूंकडे ख्याल शिकतो. या गुरुजींच्या गुरू म्हणजे माई. त्यांचं गाणं कुणाला ऐकायला मिळत नाही, पण त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं शरदकडे आहेत. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून बाईक चालवताना तो ती कानाला लावून ऐकतो. माईंची मागणी एकच, सगळं सोडा. पैसा, प्रसिद्धी, संसार, सगळं.

शिष्य म्हणून शरद काय काय करतो ते बघा. तंबोरा घेऊन मागे बसतो, गुरुजींचे पाय चेपतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, औषधपाण्याचा खर्च उचलतो. यात लाजण्यासारखं काही नाही. गॅरेजमधला पोऱ्या आधी चहा आणतो, पाने पुसतो, मग हळूहळू इंजिनाला हात लावतो. टेलरकडचा मुलगा आधी काजं-बटणं करतो. फी न देता शिकायचं तर काहीतरी मोजावंच लागतं, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंना माहीत असतो.

पण गॅरेजमधल्या पोऱ्याला एक सोय आहे. गाडी सुरू होते किंवा होत नाही. आपल्याला काम येतं की नाही, हे त्याला उस्तादाने सांगावं लागत नाही. ख्यालात अशी किक मारून बघता येत नाही. तिथे ‘तुला येतंय’ किंवा ‘तुला येणार नाही’ हे सांगू शकणारा माणूस एकच, गुरू. आणि ते सांगत नाहीत. चुका दाखवतात, चिडतात, पुन्हा गायला लावतात. पण ‘बाबा रे, तू दुसरं काहीतरी बघ’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. माझ्या मते हे न उच्चारलेलं वाक्य या सिनेमाचा गाभा आहे. गुरुजी दुष्ट नाहीत. थकलेले आहेत, त्यांना शिष्याची गरज आहे, आणि धीर धरा या उपदेशात त्यांचं स्वतःचं आयुष्यही गेलं आहे. पण त्या गप्प बसण्याची किंमत शरद भरतो. सिनेमा सहज पुढे सरकतो आणि समोर येतो तो अंगाने सुटलेला, छत्तिशीतला शरद. मधली बारा वर्षं ताम्हाणे दाखवत नाहीत. त्या वर्षांत दाखवण्यासारखं काही घडलंच नाही, हे त्यांना सांगायचं असावं.

दोन प्रसंग इथे महत्त्वाचे. एका बारमध्ये जुन्या गाण्यांचा एक संग्राहक शरदला माईंबद्दल आणि इतर थोरांबद्दल बोचरं बोलतो. शरद त्याच्या तोंडावर ग्लासातलं पाणी फेकतो. हा भक्ताचा राग वाटतो, पण त्यात हिशेबही आहे. माई खोट्या ठरल्या, तर त्यांच्या शब्दावर घातलेली वर्षं कुणाकडे मागायची? दुसरा प्रसंग त्याहून क्रूर. शरद आता स्वतः मुलांना शिकवतो. एक विद्यार्थी आईला घेऊन येतो, त्याला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचं आहे. शरद म्हणतो, खुशाल जा, पण मग इथे परत येऊ नको. आपल्याला कुणी दार दाखवलं नाही म्हणून आत अडकलेला माणूस आता दारावरचा पहारेकरी झाला आहे. सीनियरने जे भोगलं तेच ज्युनिअरला भोगायला लावायचं, हे ऑफिसातही चालतं.

इथपर्यंत मी सिनेमाच्या बाजूने आहे. पुढे माझी तक्रार आहे.

पोटासाठी शरद एक नोकरी करतो. जुन्या ध्वनिमुद्रणांचं डिजिटायझेशन करण्याचं काम. सिनेमा या कामाकडे जाता जाता बघतो. रियाज, मैफल, बाईकवरच्या रात्री यांना लांबच लांब शॉट मिळतात. या नोकरीला मिळतात तुकडे. पण शेवटी होतं काय? शरद मैफलीत मध्येच थांबतो, उठतो, निघून जातो. पुढे तो लग्न करतो, त्याला मुलगी होते, आणि तो संगीताशी संबंधित छोटा व्यवसाय सुरू करतो. म्हणजे ज्याला आपण ‘पोटापाण्याचं’ म्हणून बाजूला सारलं, तिथेच त्याची खरी उमेदवारी झाली होती. जुनं ध्वनिमुद्रण जपायचं कसं, ते ऐकणारा कोण, यातलं त्याला त्या वर्षांत बरंच कळलं असणार. सिनेमा मात्र हा शेवट उदास सुरात दाखवतो, आणि समीक्षकांनीही तो पराभव म्हणूनच वाचला. कलेची शागिर्दी थोर आणि धंद्याची उमेदवारी ही तडजोड, हा माईंचाच न्याय झाला. माईंची चिकित्सा करणारा सिनेमा त्यांच्या मोजपट्टीतून पूर्ण सुटत नाही.

गंमत अशी, की ताम्हाणे स्वतः एका वेगळ्या प्रकारच्या शागिर्दीतून गेले आहेत. रोलेक्स कंपनीच्या गुरू-शिष्य उपक्रमात २०१६-१७ साठी दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी त्यांना निवडलं. ‘रोमा’चं चित्रीकरण त्यांना जवळून बघता आलं. पुढे क्वारोन ‘द डिसायपल’चे कार्यकारी निर्मातेही झाले. या शागिर्दीला ठरलेली मुदत होती, मागे पैसा होता आणि मुदत संपल्यावरही गुरूने दार उघडं ठेवलं. शरदला यातलं काहीच मिळालं नाही.

आता सिनेमाबाहेर या. शिकाऊ उमेदवारीसाठी भारतात १९६१ पासून कायदा आहे. त्यानुसार करार होतो, मुदत ठरते, विद्यावेतन मिळतं. पण कायदा हेही सांगतो, की अप्रेंटिस हा कामगार नाही, आणि त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. २० मार्च २०१८ च्या सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेली शेकडो मुलं दादर-माटुंग्याच्या मध्ये रुळांवर बसली. त्यांच्यासाठीची २० टक्क्यांची मर्यादा काढा आणि आम्हाला नोकरीत घ्या, ही मागणी. लोकल खोळंबलेल्या माणसांना ती गुंडगिरी वाटली असेल. पण ज्या यार्डात, ज्या वर्कशॉपमध्ये काम शिकलो तिथेच आपण परके कसे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास मुलांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार, मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर नेली. मुदत संपल्यावर काय, हे विचारत ही मुलंही रस्त्यावर आली. सरकार म्हणणार, आम्ही प्रशिक्षण दिलं, नोकरीचा शब्द दिला नव्हता. कागदावर ते बरोबर आहे. पण कार्यालयात नुसत्या नोंदी करायला आणि फायली हलवायला बसवलं, तर त्याला प्रशिक्षण म्हणायचं का? शरदला गुरू होता, मुदत नव्हती. अशा मुलांना मुदत असते, गुरू नसतो. आणि बाहेर पडायचं दार दोघांनाही कुणी दाखवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘स्टायपेंड कमी आहे, पण शिकायला खूप मिळेल’ म्हणालं, तर तीन गोष्टी विचारून घ्या. शिकवणार कोण, त्या माणसाचं नाव काय? हे संपणार कधी? आणि मला जमत नसेल तर ते मला तोंडावर कोण सांगेल? तिसरा प्रश्न विचारायला जीभ सगळ्यात जड होते. शरदने तो बारा वर्षं विचारला नाही.

सिनेमाच्या शेवटी शरद बायको-मुलीबरोबर ट्रेनमध्ये बसला आहे. डब्यातून एक माणूस गात, पैसे मागत पुढे जातो. शरद त्याच्याकडे बघत राहतो. बरेच जण या दृश्यात शरदचं हरलेपण बघतात. मला तो गाणारा माणूस जास्त दिसतो. तोही कुणाकडे तरी बसून, कधीतरी हे गाणं शिकला असणार. कुणाकडे, किती वर्षं, हे त्याला डब्यात कुणी विचारत नाही.