जुळ्यांचा अभ्यास आणि निरोगी वार्धक्य : एक चिकित्सा

प्रास्ताविक

माणसाचे आयुर्मान आणि वार्धक्यातील आरोग्य आनुवंशिकतेवर अवलंबून असते की परिवेशावर, हा प्रश्न जुना आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून त्याचे उत्तर शोधता येईल, असा विचार फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये मांडला. एकबीज व द्विबीज जुळ्यांची पद्धतशीर तुलना मात्र १९२४ च्या सुमारास हेर्मान सीमेन्स यांच्या कार्यापासून रूढ झाली. डेन्मार्कमध्ये १९५४ साली जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली व वार्धक्याच्या अभ्यासाला भक्कम आधार मिळाला. ‘दीर्घायुष्यात जनुकांचा वाटा २५ टक्के व जीवनशैलीचा ७५ टक्के’ हे विधान आज आरोग्यविषयक व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ज्या अभ्यासांच्या आधारे ते केले जाते, त्यांतून ते खरोखर निष्पन्न होते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धती व तिचे गृहीतक

एकबीज जुळी एकाच फलित अंड्यापासून जन्मतात. त्यांची जनुके जवळजवळ संपूर्णपणे सारखी असतात. द्विबीज जुळ्यांत, इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे, बदलत्या जनुकांपैकी सरासरी निम्मी समान असतात. एखाद्या गुणाच्या बाबतीत एकबीज जोड्यांत द्विबीज जोड्यांपेक्षा जितके अधिक साम्य आढळते, त्याच्या दुपटीवरून आनुवंशिकतेचे प्रमाण काढले जाते. या गणितामागे दोन्ही प्रकारच्या जोड्यांना परिवेश सारख्याच प्रमाणात समान लाभतो, असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक गर्भाशयापासूनच तपासावे लागते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जोड्यांची वार एकच असते. द्विबीज जुळ्यांत ती सहसा स्वतंत्र असते. बर्नी डेव्हलिन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बुद्धिमापनाच्या अनेक अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा जुळ्यांतील साम्याचा बराच भाग गर्भाशयातील समान परिवेशाचा असल्याचा निष्कर्ष निघाला. गर्भाशय हा परिवेश आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील संशोधनालाही परिचित आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या मातापोषण अभ्यासात वजनाने कमी, तरीही तुलनेने अधिक चरबी असलेली अर्भके आढळली. प्रौढपणीच्या मधुमेहाची मुळे मातेच्या पोषणातही शोधावी लागतात, याकडे या अभ्यासाने लक्ष वेधले. सारांश, जन्मतः असलेले सारेच काही आनुवंशिक नसते.

आकड्याचा अर्थ

२५ टक्के हा आकडा प्रामुख्याने हर्स्किंड व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासाशी निगडित आहे. १८७० ते १९०० या काळात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या २,८७२ जोड्यांच्या अभ्यासातून आयुर्मानाच्या आनुवंशिकतेचे प्रमाण पुरुषांत ०.२६ व स्त्रियांत ०.२३ इतके निघाले. हे प्रमाण कोणा एका व्यक्तीच्या आयुष्यातील जनुकांचा हिस्सा सांगत नाही. विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट काळी, व्यक्तीव्यक्तींत जे फरक आढळतात, त्यांपैकी किती फरक जनुकीय भेदांशी संबंधित आहेत, एवढेच ते सांगते. उद्या सर्वांना सारखे अन्न, सारखे पाणी व सारखी औषधे मिळू लागली, तर परिवेशजन्य फरक घटतील आणि एकही जनुक न बदलता आनुवंशिकतेचे प्रमाण वाढेल.

नंतरच्या संशोधनातून हेच स्पष्ट होते. डेन्मार्क, फिनलंड व स्वीडन येथील जुळ्यांच्या २००६ मधील अभ्यासात साठीपूर्वी आयुर्मानावर जनुकांचा प्रभाव अत्यल्प व त्यानंतर वाढता दिसला. २०१८ मध्ये ग्रॅहम रूबी व सहकाऱ्यांनी कोट्यवधी व्यक्तींच्या वंशावळी तपासल्या. रक्ताचे नाते नसलेल्या सासरच्या नातेवाइकांच्या आयुर्मानातही साम्य दिसल्याने, परस्परसदृश जोडीदार निवडण्याचा परिणाम वगळून त्यांनी हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी ठरविले. याउलट २०२६ मध्ये वाइझमन संस्थेतील संशोधकांनी स्कँडिनेव्हियन जुळ्यांच्या माहितीतून अपघात, संसर्ग इत्यादी बाह्य कारणांच्या मृत्यूंचा परिणाम गणिती प्रारूपाने दूर केला, तेव्हा ते ५० टक्क्यांच्या आसपास गेले. पद्धती वेगळ्या असल्या तरी या आकड्यांतील तफावत केवळ चुकीमुळे पडलेली नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उरलेला वाटा कोणाचा ?

लोकप्रिय विधानाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जनुकांव्यतिरिक्त जे उरते ते सारे ‘जीवनशैली’च्या खात्यावर टाकले जाते. वस्तुतः या उरलेल्या भागात बालपणीचे दारिद्र्य, व्यवसायातील धोके, उपचारांची उपलब्धता यांबरोबर निव्वळ योगायोगही येतो. फिंच व कर्कवुड यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात योगायोगाच्या या भूमिकेची सविस्तर चर्चा केली आहे. सारख्याच जनुकांचे सूत्रकृमी प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढविले, तरी ते निरनिराळ्या वयांत मरतात. ७५ टक्के वाटा व्यक्तीच्या हातात आहे असे म्हणणे म्हणजे आजारी वृद्धाला त्याच्या आजाराबद्दल दोषी ठरविणे होय. शिवाय त्यामुळे समाजाची व शासनाची जबाबदारी नजरेआड होते.

पद्धतीचे खरे सामर्थ्य

याचा अर्थ जुळ्यांचा अभ्यास निरर्थक आहे असा नव्हे. एका बाबतीत भिन्न असलेल्या एकबीज जोड्यांची तुलना हे त्याचे सर्वांत मोलाचे अंग आहे. कारण तेथे जनुके व बालपणीचे घर ही दोन्ही जवळपास समान असतात. फिनलंडमध्ये काप्रिओ व कोस्केनव्हुओ यांनी, जोडीतील एकच जण धूम्रपान करणारा असलेल्या जुळ्यांचा १२ वर्षे मागोवा घेतला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या भावंडांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. धूम्रपानाची ओढ व अल्पायुष्य ही दोन्ही एकाच जनुकीय कारणाची फळे असावीत, ही शंका त्यामुळे दुबळी झाली. स्पेनमधील फ्रागा व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात, जनुकांचे कार्य नियंत्रित करणारे रासायनिक बदल लहान वयाच्या एकबीज जुळ्यांत जवळपास सारखे, तर वयस्क जुळ्यांत बरेच भिन्न आढळले. सारख्या जनुकांवरही आयुष्य वेगवेगळ्या खुणा उमटवीत जाते, असे यावरून म्हणता येईल.

समारोप

जुळ्यांच्या अभ्यासाने जनुके व परिवेश यांची टक्केवारीत कायमची वाटणी होते, हा समज टिकण्यासारखा नाही. आनुवंशिकतेचे प्रमाण ही निसर्गाची स्थिर राशी नसून विशिष्ट समाजाच्या स्थितीचेही ते मोजमाप आहे. उत्तर युरोपातील तुलनेने समान परिस्थितीत मिळालेले आकडे, पोषण व उपचार यांबाबत तीव्र विषमता असलेल्या भारतीय समाजाला जसेच्या तसे लावणे म्हणूनच युक्त ठरत नाही. निरोगी वार्धक्याची चर्चा करताना ‘वाटा किती टक्के’ यापेक्षा ‘कोणत्या परिस्थितीत कोणता फरक टाळता आला असता’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. समान जनुके असूनही दोन भावंडांचे वार्धक्य वेगळे का होते, हे दाखवून देणारी एकबीज जुळी या प्रश्नाच्या उत्तरासाठी सर्वाधिक उपयुक्त ठरतात.