परग्रहावरची शिध्याची यादी

परग्रहावर वस्ती उभी करणं सोपं असतं. दोन चंद्र, जांभळं आकाश, चार विचित्र नावं, झालं काम. आम्ही मात्र तिथे गेलो की आधी विचारतो, पाणी कोण भरतं? हसू नका. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळचे निळोणा, चापडोह आटले, तेव्हा टँकरपुढची गुंडांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये (1965) वाळवंटी ग्रहावर समोर थुंकणं हा सन्मान. अंगातलं पाणी दिलं ना! रीत पटते. पण आम्हाला मोठी वाटते ती उर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' (1974). कोरड्या अनारेसवर मालकी नाही, सरकार नाही. मग दुष्काळ पडतो. राबणाऱ्याला पूर्ण शिधा, ज्याला काम झेपत नाही त्याला कमी. ही यादी करायचं काम येतं शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाकडे. तो ते सोडतो, पण म्हणून यादी थांबत नाही. समता आम्ही वर्षानुवर्षं शिकवली. इतका अवघड प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नाही.

त्याच 1974 साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्यांच्यामुळे मराठी कथेत विज्ञान चोख आलं. पण आपल्याकडे बहुधा परग्रहावरचा पाहुणाच इकडे येतो. आपली माणसं तिकडे जाऊन संसार मांडताना फारशी दिसत नाहीत. सातबारा, जातपंचायत, पाणवठा यांच्यासकट एखादं गाव कोणी तिकडे नेऊन वसवायला हवं होतं. तिथे तरी पाणवठा एकच राहिला असता का?