कार्ल्याचा चैत्य मुलांसोबत वाचताना

शाळेची सहल राष्ट्रीय स्मारकापाशी पोहोचली की बहुधा पहिला थांबा पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकाजवळ होतो. शतक, राजघराणे, लांबी-रुंदी वहीत उतरते आणि स्मारक पाहून झाल्यासारखे वाटू लागते. कार्ल्याच्या चैत्यगृहापाशी मात्र आपण मुलांना एखाद्या एवढ्याशा खुणेपासून आत नेऊ या. ओसरीत भूतपालाचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याच्या ओळीवरून नजर फिरवताना एक अक्षर शोधायला सांगावे: नुसते वाटोळे वर्तुळ. तो 'ठ'. आपल्या देवनागरी 'ठ'च्या पोटात ते वर्तुळ अजून तसेच आहे, हे ध्यानात येताच मुलांचे बोट हवेतल्या हवेत ते अक्षर गिरवू लागते आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख क्षणभरात त्यांच्या इयत्तेत येऊन बसतो. मग त्या लेखाचा आशय सांगावा: वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. आपल्या कामाविषयीचा हा निखळ, निःसंकोच आनंद! तो मुलांना कळतो, कारण चित्र पूर्ण झाल्यावर ते वर्गभर मिरवण्याची हौस त्यांनाही असते.

पण भूतपाल एकटा नाही, आणि कार्ल्याचे खरे माधुर्य इथेच आहे. आपण जरा पुढे सरकू. दरवाजाच्या कामाशी धेनुकाकट गावच्या दोघांची नावे जोडलेली आहेत: सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र, आणि सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आतल्या खांबांवर आणखी नावे आहेत. कुणी स्वतःला यवन म्हणवतो आणि तरीही बुद्धाच्या चैत्याला खांब अर्पण करतो. कुणी सोपाऱ्याहून आलेला भाणक आहे, धर्मवचने मुखोद्गत असणारा. नालासोपाऱ्याच्या शाळेतल्या मुलांना तो खांब दाखवून पाहावा. रोजच्या लोकलच्या फलकावरचे आपले गाव इथे कातळात कोरलेले आहे, हे उमगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेच्या उत्तरापेक्षा मोलाचे असते. इतिहास म्हणजे राजांची यादी, ही समजूत इथे आपोआप गळून पडते. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला हे खरे. पण ज्या वास्तूपुढे तो उभा आहे, ती सुताराच्या, गंध्याच्या, श्रेष्ठीच्या आणि भिक्षूच्या ओंजळींनी भरत गेली आहे. बोरघाटातून कोकणची बंदरे आणि देशावरची बाजारगावे जोडणारी वाट इथून जवळच होती. त्या वाटेवरून माल जसा आला-गेला, तशी श्रद्धाही आली आणि दगडात स्थिरावली.

आता आत येऊ. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असा हा दालनाचा विस्तार, दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ नक्षीदार खांब, स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी. सगळे एकदम पाहण्याची घाई नको. एकाच खांबापाशी बसावे. तळाशी घट, त्यातून वर चढत गेलेला आठ पैलूंचा दंड, त्यावर पालथ्या घंटेसारखे कमळ, त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. त्या आरूढ जोड्यांच्या मुद्रेत कुठेही ताण नाही. हत्तीही भार वाहत असल्यासारखे वाटत नाहीत, एखाद्या उत्सवाला येऊन विसावल्यासारखे वाटतात. विद्यार्थ्यांना त्यांतला एकच हत्ती रेखाटायला द्यावा. पेन्सिल थबकेल, पुन्हा चालेल, आणि कानाच्या पाळीचा किंवा गुडघ्याच्या घडीचा बाक जुळवता जुळवता त्या अनाम शिल्पकाराचा हात मुलांच्या हाताला ओळखीचा होईल.

मग एक प्रश्न विचारावा: या वास्तूचा कोणता भाग आधी घडला असेल? पाया, असे उत्तर हमखास येते. इथे मात्र क्रम उलटा आहे. कारागीर वरून खाली उतरत गेले. आधी छताची कमान मोकळी झाली, मग खांबांची शिरे, आणि पायाखालची जमीन सर्वांत शेवटी. परांचीची गरज नव्हती, कारण उभा असलेला कातळ नाहीसा करत करतच वास्तू प्रकट होत होती. खांब इथे उभारलेला नाही, राखलेला आहे. चुकून उडालेला तुकडा परत जोडता येत नाही, हे लक्षात घेतले की प्रत्येक रेषेमागचा संयम जाणवू लागतो. आणि त्याच छताकडे मान वर करून पाहिले की दिसतात सागवानी फासळ्या: खऱ्याखुऱ्या लाकडाच्या, सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी. कातळाच्या छताला त्यांच्या आधाराची काहीही गरज नाही. लाकडी वास्तूंच्या परंपरेत हात तयार झालेल्या कारागिरांनी दगडातही जुन्या घराची आठवण जपली. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच ठेवले. तंत्र बदलते, पण मनाला सवयीची झालेली रूपे लगेच सोडवत नाहीत, हा संस्कृतीच्या इतिहासातला मोठा धडा एका फासळीकडे बोट दाखवून देता येतो.

समोरच्या पिंपळपानी गवाक्षातून आलेला उजेड दालनाच्या टोकाशी असलेल्या स्तूपापर्यंत पोहोचतो. त्या स्तूपावर मूर्ती नाही. ओसरीत मात्र नंतरच्या शतकांत कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत, आणि चैत्यासमोरच एकवीरा आईचे देऊळ आहे, जिथे कोळी बांधव आणि इतर भाविक आजही नवसाला येतात. एकाच कातळाच्या अंगाखांद्यावर श्रद्धेची ही वेगवेगळी वये शेजारी नांदताना मुलांनी पाहिली की 'संमिश्र संस्कृतीचा वारसा' हे संविधानाच्या ५१क कलमातले शब्द पाठ करावे लागत नाहीत.

वारसा जपण्याचे शिक्षणही इथेच द्यावे, धाक दाखवून नव्हे तर रसिकतेतून. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा स्मारकाला इजा करणे शिक्षापात्र ठरवतो, हे सांगावेच. पण त्याआधी सामी सुताराच्या नावापाशी उभे राहून एवढेच विचारावे, की हे नाव इथे का आहे? त्याने दार घडवले म्हणून. भिंतीवर खिळ्याने नाव ओरबाडणाऱ्याने काय घडवले? उत्तर मुले स्वतः देतात आणि ते विसरत नाहीत.

अशा एका दुपारी एक अक्षर, एक हत्ती आणि एक फासळी एवढेच पाहून झाले तरी पुरे. ज्या डोळ्यांना थांबून पाहण्याची गोडी लागली, ते पुढे वेरूळला कैलासासमोर, देवगिरीच्या खंदकाशी किंवा रायगडाच्या बाजारपेठेत उभे राहिले की फलक शोधत नाहीत. ते आपण होऊन विचारतात, हे कुणी केले, कशासाठी केले, आणि इतके सुंदर का केले?