हरला की हरवला?

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन घुटमळू लागला. मी मान वर केली तेव्हा म्हणाला, "सर, मोबाइलवरच्या एका खेळात मी आठ दिवस एकाच टप्प्यावर अडकलोय. मला खेळता येत नाही म्हणून मी हरतो, की मी पैसे भरावेत म्हणून मला हरवतात?"

इतकी वर्षे मास्तरकी केली, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. उत्तर देता आले नाही. म्हणून मी हे खेळ जरा बारकाईने पाहिले. एखादी कादंबरी वाचावी तसे. कारण खेळ हीदेखील कोणीतरी रचलेली कृती असते, आणि रचणाऱ्याचा हेतू तिच्यात उमटल्याशिवाय राहत नाही.

पैसे मोजून खेळणे काही नवे नव्हे. १९८५ सालच्या 'गॉन्टलेट' या नाण्यावर चालणाऱ्या खेळात गड्याचे बळ आपोआप ओसरत जाई आणि नवे नाणे टाकले की पुन्हा वाढे. खेळ घरात आले तेव्हा एकदा किंमत दिली की सगळा खेळ आपला, असा सरळ व्यवहार रूढ झाला. पुढे २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरांना निराळे विकायला निघाले, तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. टिंगल विरून गेली. धंदा मात्र वाढला.

२०१२ साली आलेला 'कँडी क्रश सागा' घ्या. खेळायला पाच जीव. गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास. थांबा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे द्या! वाचकहो, उद्या मी माझ्या कादंबरीत मुद्दाम चार रटाळ प्रकरणे घातली आणि 'दहा रुपये द्या व ही गाळून पुढे जा' अशी तळटीप दिली, तर तुम्ही मला काय म्हणाल? कंटाळा हा लेखकाचा दोष असतो. येथे तोच त्याच्या उत्पन्नाचे साधन झाला आहे. दुखणेही त्याचेच आणि औषधाचे दुकानही त्याचेच.

फुकटच्या खेळात हे एक वेळ समजू शकते. पण २०१७ सालचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट दोन' साठ डॉलरांना विकला जात होता. त्यात डार्थ व्हेडर हे सुप्रसिद्ध पात्र मिळवायला खेळातली साठ हजार नाणी लागत. ती जमवायला चाळीसेक तास खेळावे लागेल, असा हिशेब लोकांनी मांडला. शिवाय पैसे देऊन घ्यायच्या नशिबाच्या पेट्यांतून गड्याचे बळ वाढवणारी कार्डे निघत. ज्याचा खिसा जड, त्याचा हात जड! लोक खवळले. कंपनीने साठ हजारांचे पंधरा हजार केले आणि खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर ही विक्री तूर्त थांबवली. दुसऱ्या काही खेळांतल्या अशा पेट्या बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली सरळ जुगारात काढल्या.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या घरी साठ डॉलरांचा खेळ घेणे अशक्य, तिथले पोर आज फुकट खेळू शकते. 'फोर्टनाइट'सारखा खेळ बळ विकत नाही, केवळ पोशाख विकतो. तिथे कसबाचा मान राहतो. तथापि दिवाळीला नवा सदरा नसलेल्या पोराकडे गल्लीतली मुले कशी पाहतात, हे आपण विसरलेलो नाही. शिवाय फसव्या बटणांमुळे नको असलेली खरेदी होते, या आरोपावरून याच खेळाच्या कंपनीने २०२२ साली अमेरिकेत साडेचोवीस कोटी डॉलर परत करण्याची तडजोड मान्य केली.

चार पैसे गेले याचे मला फारसे दुःख नाही. माझी तक्रार हरण्याविषयी आहे. विटीदांडूत हरलेले पोर संध्याकाळी एकटेच अंगणात नेम धरत बसते, कारण आपण का हरलो हे त्याला ठाऊक असते. प्रामाणिक हार ही मोठी शिक्षिका आहे. पण हार विक्रीसाठी मांडली आहे असा संशय आला की ती काही शिकवीत नाही. आणि मग विकत घेतलेली जीतही गोड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, आणि खेळणाऱ्याला ते कळू नये, हाच त्या खेळाचा दोष." मग शाळेच्या कपाटातला बुद्धिबळाचा पट काढला. विसाव्या चालीच्या आत मी त्याला मात दिली. तो पटाकडे पाहत राहिला आणि सोंगट्या पुन्हा मांडत म्हणाला,

"सर, कुठे चुकलो ते दाखवा."