स्किनरसाहेबांची खुर्ची

सिनेमा असो की मालिका, माझी नजर नायकावर फार वेळ ठरत नाही. नायकाकडे बघायला बाकीचं सारं थिएटर असतंच. मी आपला त्याच्या मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे, नाहीतर फाइल घेऊन आलेल्या कारकुनाकडे बघत बसतो. दोष माझा नाही, धंद्याचा आहे. बँकेत गिऱ्हाइकाला काउंटरवरचा कॅशियर तेवढा दिसतो. पण व्हाउचर पास करणारा माणूस मागे मान खाली घालून बसलेला असतो आणि बुडायची वेळ आली की आधी तोच बुडतो, हे आम्हांला ठाऊक असतं.

तेव्हा 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेवर लिहायला बसलो की मी मल्डर आणि स्कली यांना सोडून भलत्याच माणसावर लिहिणार, हे ओघानंच आलं. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९३ ते २००२ अशी नऊ पर्वं ती चालली. पुढं २०१६ आणि २०१८ साली आणखी दोन झाली. एफ. बी. आय. हे अमेरिकेचं केंद्रीय तपास खातं. मल्डर हा तिथला हुशार पण तिरपागडा अधिकारी. त्याला परग्रहावरची मंडळी शोधायची असतात. स्कली डॉक्टर, तिला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. ही दोघं तळघरातल्या ऑफिसातून निघून विश्वाच्या मागं धावतात. आणि त्यांचे अहवाल, खर्चाची बिलं व भानगडी ज्यांच्या टेबलावर येऊन आदळतात, ते असिस्टंट डायरेक्टर वॉल्टर स्किनर. भूमिका मिच पिलेजी या नटाची.

टक्कल, चष्मा, पांढरा शर्ट आणि आवळलेला जबडा एवढंच त्यांचं भांडवल. तरीही या साहेबांवर जीव टाकणारे प्रेक्षक जगभर आहेत आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा आहे. ही माहिती मी घरी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. त्यावर आमची ही म्हणाली, "टक्कल तुमचंही आहे, पण त्यांच्या टकलाखाली काहीतरी चाललेलं असतं, असं वाटतं." विषय तिथंच संपला.

गंमत म्हणजे, याच टकलानं पिलेजींची वाट अडवली होती. या मालिकेतल्या दुसऱ्या भूमिकांसाठी ते आधीही जाऊन आले होते आणि हात हलवत परतले होते. तेव्हा ते डोकं तासायचे आणि निर्माते ख्रिस कार्टर यांना त्या गोटा डोक्याचा सरकारी अधिकारी काही डोळ्यांपुढं येईना. पुढं स्किनरसाठी बोलावणं आलं तेव्हा डोक्याच्या कडेनं थोडेसे केस उगवले होते आणि मनात वैताग साठला होता. तोच वैताग साहेबांच्या कामी आला. त्याआधी १९८९च्या 'शॉकर' या भयपटात त्यांनी विजेच्या खुर्चीत बसवलेला खुनी रंगवला होता. विजेच्या खुर्चीतून सरकारी खुर्चीत, अशी ही बढती. दोन्हींत बसणाऱ्याला झटके बसतात, हे कुठल्याही शाखाधिकाऱ्याला विचारावं.

स्किनर पहिल्यांदा दिसतात ते एप्रिल १९९४मधल्या 'टूम्स' या भागात. मल्डर-स्कलीला ते नियमांवरून झाडतात. मागं एक माणूस सिगरेट ओढत उभा असतो. हा 'वरचा' माणूस. त्याला ना हुद्दा, ना टेबल. पण साहेबांच्या केबिनमध्ये तो खुशाल धूर सोडतो आणि साहेबांना 'बाहेर जा' म्हणता येत नाही. सगळं मर्म मला इथंच दिसतं. मल्डरला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून तो शूर. धूरवाल्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून तो निर्धास्त. भीती वाटायचं काम मधल्या माणसाकडे. खुर्ची त्याची, सही त्याची आणि मेमो आला तर तोही त्याच्याच नावानं.

पिलेजींचं मोठेपण असं की, ही भीती त्यांनी लपवली नाही आणि तिची जाहिरातही केली नाही. नोव्हेंबर १९९४च्या 'वन ब्रेथ' या भागात स्कली मरणाच्या दारात आहे आणि खचलेला मल्डर राजीनामा देतो. आपल्या सिनेमात इथं साहेबांनी देशभक्तीवर भाषण ठोकलं असतं. स्किनर व्हिएतनामच्या लढाईतला अनुभव सांगतात. सगळी तुकडी मारली गेली, आपलंच शरीर आपण वरून पाहिलं आणि त्या अनुभवाच्या पलीकडं बघायची आपल्याला अजून भीती वाटते, तुला वाटत नाही, असं म्हणून ते राजीनामा नामंजूर करतात. सारं हलक्या आवाजात, जागचं न हलता. धूरवाल्याचा पत्ता मल्डरला गुपचूप पोचवणारे हेच गृहस्थ होते, हेही तिथंच उघड होतं.

चाहत्यांचा सर्वांत लाडका प्रसंग मात्र सप्टेंबर १९९५च्या 'पेपर क्लिप'मधला. सरकारी गुपितांची टेप स्किनरांना जिन्यात बडवून पळवली गेलेली असते. हातात काहीच नाही, अशा खात्रीनं धूरवाला हसत येतो. तेव्हा साहेब शांतपणे सांगतात की, टेपमधला सगळा मजकूर एका नवाहो वृद्धानं तोंडपाठ केलाय आणि आपल्या जमातीच्या रिवाजाप्रमाणं आणखी वीस जणांना सांगितलाय. यानंतर ते जे म्हणतात त्याचं भाषांतर कौटुंबिक पुस्तकात शोभणार नाही. मी त्या वेळी खुर्चीतून उठलो होतो. नक्कल ठेवल्याशिवाय मूळ कागद हातावेगळा करू नये, हे आम्हांला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण एका कागदाच्या वीस चालत्याबोलत्या नकला, ही हिशेबाची परमावधी झाली!

आता थोडं नावे टाकतो, नाहीतर टीकालेखाचा ताळेबंद जुळायचा नाही. लेखकांना या माणसाचं काय करावं हे पुष्कळदा कळलेलं नाही. एप्रिल १९९७च्या 'झिरो सम'मध्ये स्कलीच्या कर्करोगावर उपाय मिळावा म्हणून स्किनर धूरवाल्याशी सौदा करतात आणि स्वतःच्या हातांनी पुरावे नष्ट करतात. तो भाग उत्तम, कारण चूक त्यांची स्वतःची आहे. पण १९९९च्या 'एस. आर. ८१९'मध्ये त्यांच्या रक्तात सूक्ष्म यंत्रं सोडली जातात आणि त्यांचा जीव क्रायचेक नावाच्या बदमाशाच्या मुठीत जातो. ही यंत्रं मला मान्य नाहीत. मनाच्या ओढाताणीनं अडखळणारा माणूस आम्हांला जवळचा वाटत होता; त्याला यंत्रानं अडखळायला लावलं की तो नुसता पेशंट होतो. शिवाय सुरुवातीच्या नामावलीत कायमचं नाव लागायला पिलेजींना नववं पर्व उजाडावं लागलं. सात वर्षं हंगामी! आमच्या युनियननं दरवाजे बंद केले असते.

एवढा हिशेब मी का मांडतोय, तेही सांगून टाकतो. आमच्या शाखेत पूर्वी एक साहेब होते. तेही टकले, जाड भिंगांचा चष्मा. वरून फोन आला की उभं राहून बोलायचे, म्हणून डबा खाताना आम्ही त्यांना 'होयबा' म्हणत असू. ते नाव माझंच. एकदा मोठी रक्कम भलत्याच खात्यात जमा झाली. व्हाउचर लिहिणारा पोरगा प्रोबेशनवर होता. त्याच्याखाली तपासल्याची आद्याक्षरं माझी आणि शेवटची सही साहेबांची. खुलासा मागवणारं पत्र आलं. साहेबांनी उत्तरात लिहिलं की, अंतिम तपासणी माझी, चूक माझी. पोरगा कायम झाला, साहेबांची बढती गेली. माझी आद्याक्षरं त्यांना दिसलीच नसावीत, अशी मी समजूत करून घेतली. त्या दिवशी डबा खाताना मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं ते निवृत्त झाले, तेव्हा हाराला वर्गणी तेवढी दिली.

स्किनर चष्मा काढून डोळे मिटतात, तो क्षण आला की मला ते व्हाउचर आठवतं. भिंगं जाड असली तरी माणसाला दिसायचं ते दिसतं.

मार्च २०१८च्या शेवटच्या भागात स्किनर गाडीखाली सापडलेले दिसतात. गेले की वाचले, ते मालिकेनं सांगितलेलं नाही. माझ्यापुरता मी त्या फाइलवर 'पेंडिंग' असा शेरा मारून ठेवला आहे. खाली आद्याक्षरं माझीच आहेत. या वेळी जरा ठळक काढली आहेत.