सोव्हिएतोत्तर अराजक : कारणमीमांसेचा पुनर्विचार

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर रशियात माजलेल्या सामाजिक अराजकाचा दोष काही अभ्यासक 'शॉक थेरपी'ला, तर काही साम्यवादी वारशाला देतात. ही दोन्ही मते अपुरी वाटतात. २ जानेवारी १९९२ रोजी किमती मुक्त होताच सामान्यांची बचत मातीमोल झाली. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आले. परंतु साम्यवादी वारसा असलेल्या पोलंडनेही १९९० मध्येच किमती मुक्त केल्या होत्या. तेथे एवढा अनर्थ ओढवला नाही. रशियात मात्र न्यायसंस्था व प्रशासन दुर्बळ असतानाच सार्वजनिक मालमत्तेचे घाईने खाजगीकरण झाले. कायद्याचे अधिष्ठान नसलेल्या बाजारात 'बळी तो कान पिळी' हाच न्याय उरतो. अराजकाचे मूळ येथे शोधावयास हवे.